सुमन, गाडीवरचा एल काढला

सुमन, ये, अशी इकडे जवळ बस. तिकडे पाहुण्यासारखी खुर्चीवर नको. आधी तुला रागवणार आहे, मग बाकीचं बोलू. अगं, लर्निंग लायसनची मुदत सहा महिन्यांची असते, हे मला कोणी शिकवलं? तूच ना? मी मेथी निवडत असले, भांडी विसळत असले, तरी मध्येच विचारायचीस, "वहिनी, मुदत किती?" आणि मी सहा महिने म्हटलं की मान हलवायचीस. मग ती मुदत संपायच्या आत, शिकणारीला अर्ध्या रस्त्यात सोडून, शेजारच्या सीटवरून असं उठून जायचं असतं का? कुठल्या नियमात बसतं हे? एवढी नियमाची बाई तू, आणि जाताना साधा इंडिकेटरही दिला नाहीस.

गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. म्हणोत. मी तुझ्यावर तू दोन वेण्या घालत होतीस तेव्हापासून रागावते आहे, आता एकदम कशी थांबू? लग्न होऊन तुमच्या घरात आले, माप ओलांडलं, आणि नवऱ्याच्या बहिणीचं मला पहिलं वाक्य काय, तर "वयनी, तुले सायकल येस का?" मी नाही म्हटलं. तुझं तोंड एवढंसं झालं. तुला भावाला बायको नको होती, तुला सायकलला जोडीदारीण पाहिजे होती. मी सातवी शिकलेली, शेतातून आलेली, मला कुठली सायकल. तेव्हापासून तुझं माझं देणं राहिलं होतं म्हण.

तुझ्या दहाव्याला पारोळ्याला खूप माणसं आली होती. आरोग्य खात्यातली, ज्या गावांत तू नोकरी केलीस तिथली. सगळे चांगलं बोलले. पावसापाण्याची मोपेडवरून वाड्या-वस्त्यांवर जायचीस, लेकरांना डोस पाजायचीस, बाळंतिणींना दटावायचीस, सगळं सांगितलं. खरंच आहे ते. पण मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला आपल्या गाडीचं बोलायचंय.

तुझे भाऊ गेल्यावर ती पांढरी गाडी आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या अंगणात खोळ घालून उभी होती. मांजरी वर झोपायच्या. मनीषा पुण्याहून फोनवर म्हणायची, आई, विकून टाक ना ती. मी म्हणायची, बघू. मग आली आखाजी, अक्षय्य तृतीया. आपल्याकडे आखाजीला लेक माहेरी येते, पण ती आपली आपण येत नाही, तिला न्यायला मुऱ्हाळी जावा लागतो. तू नोकरीतून निवृत्त झालीस, आजी झालीस, तुझ्या दारात तुझी स्वतःची गाडी उभी, तरी दर आखाजीला तुझे भाऊ पारोळ्याला जायचे आणि तू तुझ्या गाडीला कुलूप लावून त्यांच्या गाडीत बसून यायचीस. मी दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची. घरात येता येता तुमचं भांडण चालू असायचं, "भाऊ, तू तिसऱ्या गिअरमध्ये उगाच ओढतोस."

ते गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मी खापरावर पुरणपोळ्या करत होते आणि फाटक वाजलं. बघते तर तू, हातात पिशवी घेऊन एकटी. म्हटलं, "अगं, गाडी कुठे?" तर म्हणालीस, "आखाजीला माहेरी कोणी आपली आपण गाडी चालवत येतं का वहिनी? एस.टी.नं आले. बायकांना अर्धं तिकीट आहे." हसलीस. मग मोरीत तोंड धुवायला गेलीस ती बराच वेळ आलीच नाहीस. नळ नुसता वाहत होता. खापरावरची माझी पोळी जळली.

संध्याकाळी निंबाच्या झोक्यावर बसलो आपण दोघी, दोन म्हाताऱ्या, झोका हलवायचा कोणी म्हणून पायानंच रेटत. तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या आखाजीला मी येईन तुला न्यायला."

"कशानं? अर्ध्या तिकिटावर?"

"ह्यांच्या गाडीनं. मी चालवून."

सुमन, त्या वेळी दुसरी कोणी असती तर हसली असती. मनीषा हसलीच, म्हणाली ड्रायव्हर लाव. मुऱ्हाळी कधी भाड्यानं आणतात का? तू हसली नाहीस. तू त्या खोळीखालच्या गाडीकडे पाहिलंस, माझ्या डोळ्यांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "आधी मोतीबिंदू काढावा लागेल. चाळिशीच्या पुढं डॉक्टरचा दाखला लागतो." बस. ह्या वयात कशाला, झेपेल का, असला एक शब्द नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती आनंदानं.

मोतीबिंदू निघाला, पाऊस सरला, दिवाळी झाली आणि आपण आरटीओत गेलो. सगळी कोवळी पोरं आणि त्यांच्यात मी नऊवारीतली. संगणकावर प्रश्न येतात, खाली तीन उत्तरं. अरुंद पुलावर समोरून गाडी येतेय, तर तुम्ही काय कराल? मी विचार केला, आपल्या धुळ्यात लोक काय करतात? हॉर्न वाजवून आधी घुसतात. तेच दाबलं. बाहेर आल्यावर तू कपाळावर हात मारलास. "वहिनी, ते लोक काय करतात ते विचारत नाहीत, काय करायला पाहिजे ते विचारतात." पास झाले म्हणून बरं. फोनवर लायसन आलं त्यात माझा फोटो पाहून म्हणालीस, "चोरी करताना धरल्यासारखी दिसतेस."

मग त्या एलचं आठवतंय? पुढं आणि मागं, पांढऱ्यावर लाल एल पाहिजे, तू फोनवर सांगितलंस. मी जुन्या पांढऱ्या परकराचे दोन तुकडे कापले, लाल ऑइलपेंटनं एल काढला. मग तो नुसता भकास दिसायला लागला म्हणून भोवती वेलबुट्टी काढली, चार कोपऱ्यांना चार ठिपके, आणि खाली छोटंसं स्वस्तिक. शनिवारी तू आलीस, गाडीसमोर उभी राहिलीस.

"हे काय आहे?"

"एल."

"वहिनी, ही गाडी आहे. तुळशीवृंदावन नाही. मागच्या माणसाला लांबून कळलं पाहिजे, ही बाई शिकतेय, हिच्यापासून सांभाळून. तो नक्षी बघत बसला तर तुझ्यावरच येऊन आदळेल."

मग तू बसून दुसरे दोन केलेस, पट्टी लावून. सरळ, कोरडे, सरकारी. पण स्वस्तिकाचा माझा तुकडा तू फेकला नाहीस, घडी घालून पर्समध्ये ठेवलास. तुला वाटलं मी पाहिलं नाही.

दर शनिवारी तू पारोळ्याहून एस.टी.नं यायचीस, अर्धं तिकीट असताना पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून. आधी कॉलेजच्या मैदानावर, मग नकाणे तलावाच्या रस्त्याला. आपण घरात अहिराणी बोलायचो, पण गाडीत बसलं की तू मराठीवर यायचीस, आरटीओचा साहेब अंगात आल्यासारखी. बेल्ट. आरसा. न्यूट्रल. लायसन जवळ आहे का? तुझंही पर्समध्ये आहे का ते पाहायचीस, कारण शिकणाऱ्याच्या शेजारी पक्कं लायसन असलेलं माणूस लागतं आणि त्याचं लायसन त्याच्याजवळ लागतं. आणि मी घाबरले, समोर ट्रॅक्टर आला, गाडी बंद पडली, मागं हॉर्नचा गोंधळ झाला, की तुझं मराठी गळून पडायचं. हळूच म्हणायचीस, "मी बठेल शे ना." बस, एवढंच. मी बसलेय ना. मग माझा पाय क्लचवर नीट पडायचा.

पण तुझा पाय? तो कुठं नीट असायचा? तिकडच्या बाजूला ना ब्रेक ना काही, तरी मी जरा जोरात गेले की तू दोन्ही पायांनी असा ब्रेक दाबायचीस की खालचं रबरी मॅट सरकून पुढं गोळा व्हायचं. दर शनिवारी तू गेल्यावर मी ते मॅट सरळ करायची. मनात म्हणायची, बाईचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. तुला मोपेड शिकवताना तुझे भाऊही असेच, मागं बसून दोन्ही पाय जमिनीला घासत यायचे. महिन्याभरात चपला गेल्या त्यांच्या. तुमच्या घराण्याचीच खोड ती.

आणि ते भांडण. सुमन, ते आपलं राहूनच गेलं बघ. त्या शनिवारी तुझी एस.टी. उशिरा आली. मला दम निघेना. शेजारच्या शकूमावशींना बसवलं आणि गल्लीतून गाडी काढली. कोपऱ्यावर तू, रिक्षातून उतरताना. हात आडवा केलास, ट्रॅफिक पोलिसासारखा.

"मावशींकडे लायसन आहे?"

"वयानं मोठ्या आहेत," मी म्हटलं. मला खरंच वाटायचं, शेजारी मोठं माणूस पाहिजे, म्हणजे झालं.

शकूमावशी म्हणाल्या, "माझ्याकडे रेशनकार्ड आहे."

तू हसली नाहीस. त्यांना हात देऊन उतरवलंस, घरापर्यंत पोचवलंस आणि मग माझ्याकडे वळलीस. मलाही चढला होता राग. मी म्हटलं, "इथं पोरं तिघं तिघं बसून गाड्या उडवतात, त्यांना कोणी विचारत नाही. मला म्हातारीलाच का सगळे नियम?"

"त्यांना विचारणारं कोणी नाही. तुला मी आहे."

"आणि मला सांग, तू तरी शेजारी बसून करतेस काय? तुझ्या हातात ना स्टिअरिंग, ना पायात ब्रेक. गाडी गेली खड्ड्यात तर तूही माझ्याबरोबर खड्ड्यातच. नुसतं बसायचं, त्याला लायसन कशाला लागतं?"

तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस. मग म्हणालीस, "सांगेन. आधी गाडी सरळ लाव, गेटात आडवी आहे." आणि मग चहा झाला, वांगी भाजली, भरताच्या नादात विषय राहिला. मी पुन्हा विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

पुढच्या एका शनिवारी, शिवरात्र होऊन गेली होती, तू सकाळी आलीस तीच घामेजलेली. एस.टी.त गर्दी होती म्हणालीस. कप तोंडाला लावलास आणि खाली ठेवलास. डावा खांदा धरलास. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाड्या पाहिलेली तू, तुला कळलं होतं. मी फोन शोधायला लागले, रिक्षा, गाडी, कोणी तरी. तू म्हणालीस, "दारात गाडी आहे ना."

"मी? पुलावरून?"

"तुझा हात बसलाय."

मी मागचं दार उघडलं, म्हटलं आडवी हो. तर तू पुढं चाललीस. भिंतीला धरून, खांबाला धरून, पुढच्या दारापर्यंत. "अगं मागं झोप ना," मी ओरडले. तू म्हणालीस, "शेजारी बसावं लागतं." आणि बसलीस. बेल्ट ओढता येईना, मी लावला. तुझा हात पर्सवर होता. त्याही वेळी तू लायसन चाचपलंस. गल्लीतले लोक आता म्हणतात, अशा वेळी ॲम्ब्युलन्स बोलवायची, तुम्ही दोघी काय करत होता. बरोबर असेल त्यांचं. पण त्यांना तू माहीत नाहीस.

पांझरेच्या पुलावर समोरून टेम्पो आला आणि मागून एक हॉर्न वाजायला लागला तो थांबेचना. गाडी बंद पडली. मला वाटलं संपलं सगळं, आता हिला इथंच. तू डोळे मिटले होतेस. डोळे मिटूनच म्हणालीस, "न्यूट्रल." मी केलं. "चावी." फिरवली. आणि मग अगदी हळू, "बठ्ठं येस तुले. मी बठेल शे ना. चाल."

सगळं येतं म्हणालीस, मी चालवली. कशी, ते मला माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. तेवढ्या शब्दावर मी चार-पाच दिवस जगले. पारोळ्याहून तुझा नितीन आला, सून आली. आत एकेकालाच सोडायचे. माझी पाळी आली तेव्हा तू डोळे उघडलेस. मला वाटलं, काही तरी मनातलं बोलशील. तू विचारलंस, "गाडी कुठे लावलीस?"

"खाली, भिंतीला लागून."

"एकटी घरी नेऊ नकोस. नितीनला बसव शेजारी."

"अगं, पुलापलीकडे तर घर आहे."

"वहिनी."

"बरं बाई. नाही नेत."

हे आपलं शेवटचं बोलणं. माणसं शेवटी काय काय बोलतात, आणि आपण पार्किंगचं बोललो. मला त्याचं फार वाईट वाटायचं. आता नाही वाटत. तू माझ्याशी दुसरं काय बोलणार होतीस? तू आडवी पडूनही माझ्या शेजारीच बसली होतीस.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुला पुन्हा झटका आला आणि त्यातून तू उठली नाहीस.

गाडी तिथंच भिंतीला उभी राहिली. सगळं आटोपल्यावर नितीन मला घेऊन गेला आणि म्हणाला, "मामी, तुम्ही चालवा, मी बसतो. आईनं सांगितलं होतं." मी दार उघडलं आणि सवयीनं आधी तिकडच्या पायाखाली वाकले, मॅट सरळ करायला. मॅट सरळच होतं, सुमन. जसं मी लावलं होतं तसं, एक सुरकुती नाही. पुलावर टेम्पो आला, गाडी बंद पडली, मी कुठं कुठं आपटता आपटता राहिले, आणि तू एकदाही पाय दाबला नव्हतास.

मी तिथंच बसून राहिले. नितीनला वाटलं, मला तुझी आठवण आली. आठवण तर आलीच. पण मला हे कळेना, दुखत होतं म्हणून दाबला नाहीस, की त्या दिवशी तुला ब्रेकची गरज वाटली नाही? हे एक तुला विचारायचंय. आणि त्या दिवशीचं तुझं ते राहिलेलं उत्तर, शेजारी बसून तू करतेस काय, ते आता नाही सांगितलंस तरी चालेल. मला पुलावर कळलं.

मी मनात आणलं होतं, आता कशाला लायसन. ज्याच्यासाठी काढायचं ते माणूसच गेलं. मुदत संपू दे, गाडी विकू. मनीषाही आता म्हणेना विक म्हणून, त्यानं जास्तच वाईट वाटायचं. मग एका शनिवारी सकाळी फाटक वाजलं. नितीन. पारोळ्याहून एस.टी.नं आला होता. म्हटलं, "तू का रे?" तर म्हणाला, "शनिवार आहे ना मामी." आणि सरळ जाऊन तुझ्या जागेवर बसला, बेल्ट लावून. त्याच्या हातात तुझी पर्स होती. आत तो परकराचा तुकडा होता, माझ्या नक्षीचा एल, स्वस्तिकासकट. गाडी काढली. पहिल्याच वळणावर त्यानं दोन्ही पाय दाबले आणि मॅट गेलं पुढं. तुझाच पोरगा.

परवा पक्की परीक्षा दिली. नितीन शेजारी बसून आला, मग बाहेर झाडाखाली उभा राहिला. साहेबानं मागं घ्यायला लावली, वळवायला लावली, चढावर थांबवून पुढं काढायला लावली. गाडी एकदाही बंद पडली नाही. खाली उतरल्यावर साहेब म्हणाला, "आजी, कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "नणंदेनं." तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करते.

घरी येऊन दोन्ही एल काढले. नियमच आहे, पास झाल्यावर ठेवायचे नाहीत. तुझे ते सरळ, सरकारी एल घडी करून समोरच्या खणात ठेवलेत, माझ्या स्वस्तिकाच्या एलबरोबर. गाडी कशी उघडी उघडी दिसते. मागून येणाऱ्याला आता कळणारच नाही की ही बाई अजून शिकतेय.

आता आखाजी आलीच. गेलेल्या माणसाच्या नावानं भरतात ती तुझी घागर नितीन भरणार, पारोळ्याला, तुझ्या सासरी, तीच रीत आहे. घागर, त्यावर डांगराचं फळ, सांजोऱ्या, आंबा, सगळं सुनेनं विचारून घेतलंय माझ्याकडून. मी त्याला सांगितलं, मी सकाळीच येईन.

"या की मामी. मी येतो न्यायला."

"तू नको. मी येणार आहे न्यायला. गाडी घेऊन."

"कोणाला न्यायला मामी?"

"तुला काय करायचंय? तू घागर भर. मी तुझ्या आईला माहेरी नेते."

तेव्हा तयारीत राहा. मी फागणं, मुकटी, एकेक गाव करत हळूहळू येईन, तिसऱ्यात उगाच ओढणार नाही. किल्ल्याजवळच्या तुझ्या गल्लीत गाडी वळवून, तोंड धुळ्याकडे करून लावीन. हॉर्न वाजवणार नाही, तुला आवडत नाही. तिकडचं दार उघडून थोडा वेळ उभी राहीन. गल्लीतले बघतील, म्हातारी रिकाम्या सीटला बेल्ट लावतेय. बघू देत. घरी आपण झोका बांधलाय, पुरण घातलंय, आणि तुझ्यावरून ओवाळायला भाकरीचा तुकडाही काढून ठेवलाय. मॅट सरळ करून आणीन. धुळ्यात येईपर्यंत ते कसं राहतं, तेवढं बघायचंय मला.

आता नियमानं माझ्या शेजारी कोणी लागत नाही, सुमन. तरी ये. लवकर ये.